बग परत येतात, कारण तेव्हा तुम्ही झोपलेले असता

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हिंजवडीच्या ऑफिसात तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग (हाताने सॉफ्टवेअर तपासायचं काम) केलं. दीड वर्षापूर्वी एका प्रॉडक्ट कंपनीत पूर्ण रिमोट काम मिळालं आणि आता कराडहून काम चालतं. डेव्हलपर बहुतेक बॉस्टनला, बॅकएंडवाले चौघं पोलंडमध्ये क्राकोला, भारतात तुम्ही दोन टेस्टर. लॉग केलेले बग (नोंदवलेल्या चुका) 'कॅनॉट रिप्रोड्यूस', म्हणजे 'आमच्याकडे असं होत नाही', म्हणून परत येतात. एखादी स्क्रीन बदलली हे टेस्ट करायला बसल्यावर कळतं. अप्रेझलमध्ये लीड म्हणाले, 'व्हिजिबिलिटी कमी पडते.' तर आता ऑटोमेशनचा (स्क्रिप्ट लिहून आपोआप टेस्ट चालवण्याचा) कोर्स करावा, की सरळ पुण्याला परत जावं?

मी १७ वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची ७ कोल्हापूरहून, घरून. तुमचे दोन्ही प्रश्न मी शेवटी घेते, कारण मला वाटतं दुखणं त्या दोन्ही ठिकाणी नाहीये.

ऑफिसात टेस्टरचं निम्मं काम कानाने होतं. आपण आपला रिग्रेशनचा (जुनं सगळं अजून चालतंय ना ते पुन्हा तपासण्याचा) रतीब घालत असतो आणि पलीकडच्या रांगेत कुणीतरी म्हणतं, 'ते मोबाइल नंबरचं व्हॅलिडेशन काढलं बरं का मी.' झालं, आपल्याला कळलं. बग सापडला की 'अरे, जरा इकडे ये' म्हटलं की काम भागतं. पायऱ्या लिहाव्या लागत नाहीत, डेव्हलपर डोळ्यांनी बघतो. टपरीवर चहा पिताना कळतं की या रिलीजमध्ये पेमेंटला हात लागलाय, तिकडे जास्त बघ. याला कुणी काम म्हणत नाही, कुठल्या टाइमशीटमध्ये ते नसतं. म्हणून घरून काम सुरू झालं की ते गुपचूप बंद पडतं आणि आपल्याला वाटतं आपणच कमी पडतोय. जे ऐकू यायचं ते आता हुडकून वाचावं लागतं आणि जे बोटाने दाखवायचो ते लिहावं लागतं. तुमची अडचण ही आहे.

आता घड्याळाचा हिशेब बघा. उन्हाळ्यात बॉस्टन आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. समजा मंगळवारी संध्याकाळी पाचला तुम्ही बग टाकला. तिकडचा डेव्हलपर त्याच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या साडेसहाला, तो उघडतो आणि विचारतो, 'कुठला ब्राउझर?' तुमचा लॅपटॉप तोवर मिटलेला. बुधवारी सकाळी दहाला तुम्ही 'क्रोम' असं उत्तर देता. तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. ते उत्तर त्याला दिसतं बुधवारी आपल्या साडेसहाला. मग तो विचारतो, 'कुठल्या युजरने?' गुरुवार गेला. ऑफिसात दीड मिनिटात झालं असतं त्याला दोन दिवस, आणि तोवर तो दुसऱ्या कामाला लागलेला असतो. तिसऱ्यांदा तो विचारत बसत नाही, 'कॅनॉट रिप्रोड्यूस' करतो आणि मोकळा होतो. त्यात आळस असतोच असं नाही. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

म्हणून मी नव्या टेस्टरना सांगते की बग अशा माणसासाठी लिहायचा ज्याला आपल्याला एकही प्रश्न विचारता येणार नाही.

माझा एक जुना बग जसाच्या तसा देते, पहिल्या रिमोट वर्षातला: 'पेमेंट पेज नॉट वर्किंग ऑन स्टेजिंग. प्लीज चेक.' (स्टेजिंग म्हणजे रिलीजआधी टेस्ट करायची ॲपची प्रत, बिल्ड म्हणजे ॲपची त्या-त्या वेळची आवृत्ती.) लाज वाटते, पण खरंच असा लिहिला होता. आज तोच बग मी असा लिहीन (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते): 'स्टेजिंग, बिल्ड ४१२, विंडोजवर क्रोम. युजर पेमेंट-०३, याचं एक कार्ड आधीच सेव्ह आहे. कार्टमध्ये एकच वस्तू, कूपन लावलेलं. पे बटण दाबल्यावर चक्र फिरत राहतं, एरर दिसत नाही. नेटवर्क टॅबमध्ये शेवटच्या कॉलला ५०० येतो, रिक्वेस्ट आयडी खाली दिलाय. कूपन काढलं तर पेमेंट होतं. कूपन ठेवून नवं कार्ड टाकलं तरी अडकतं. बिल्ड ४०९ वर चालत होतं. ५ वेळा केलं, ५ वेळा झालं.'

(कॉल म्हणजे ॲपने सर्व्हरला पाठवलेली रिक्वेस्ट, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच चूक झाल्याचं उत्तर.) यातली सगळ्यात मोलाची ओळ 'कूपन काढलं तर पेमेंट होतं' ही आहे. बग कुठे होतो हे सगळेच लिहितात. कुठे होत नाही हे लिहिलं की डेव्हलपरचं निम्मं शोधकाम आपण करून ठेवलेलं असतं. त्याच्या खालोखाल शेवटचं चालू असलेलं बिल्ड, कारण मग त्याला ४०९ ते ४१२ मधलेच बदल बघायचे राहतात. व्हिडिओ जरूर जोडा, पण व्हिडिओच्या भरवशावर लिहिणं टाळू नका. तीन मिनिटांच्या व्हिडिओत नेमकं कुठे बघायचं हे कुणाला कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच बग शोधायला गेलात तर व्हिडिओतले शब्द सर्चमध्ये सापडत नाहीत.

पाठवण्याआधी मी एक करते. प्रायव्हेट विंडो उघडते आणि माझ्याच पायऱ्या परक्या माणसासारख्या करून बघते, लिहिलंय तेवढंच, मनाचं काहीही न घालता. कितीदा तरी लक्षात आलंय की मी ॲडमिन म्हणून लॉगिन होते आणि ते लिहिलंच नव्हतं.

एवढं करूनही काही बग परत येतात. त्यातला एक सविस्तर सांगते, कारण तो तुमच्या-माझ्यासारख्यांनाच सापडू शकतो. अपॉइंटमेंट घ्यायचं एक ॲप होतं. माझ्या सगळ्या टेस्ट फोनवर ठणठणीत चालत होतं. आईच्या फोनवर मात्र तारीख निवडून पुढे गेलं की 'काहीतरी चुकलं' असा मेसेज. टाकला बग, आला परत. पुन्हा टाकला, पुन्हा परत. खाली शेरा, 'युजरचं नेटवर्क असेल.' माझंही डोकं चालेना. तोच फोन, तेच अँड्रॉइड, तेच बिल्ड माझ्याकडे, तिथे चालतंय. मग एकदा तिच्या फोनला केबल लावून लॉग काढला आणि सर्व्हरला काय जातंय ते बघितलं. तारीख जात होती '२०२२-०६-१४'. अगदी अशीच, देवनागरीत. आईच्या फोनची भाषा मराठी होती. ॲप तारखेचा मजकूर फोनच्या भाषेप्रमाणे तयार करत होतं आणि सर्व्हरला इंग्रजी आकडेच कळत होते. डेव्हलपरने भाषा बदलून बघितली तीही हिंदी, आणि हिंदीत ॲप चालत होतं! कारण फोनमधल्या भाषांच्या माहितीत मराठीसाठी मुळातले अंक देवनागरी ठरवलेत आणि हिंदीसाठी इंग्रजी. दुरुस्ती फुटकळ निघाली: माणसाला दाखवायची तारीख फोनच्या भाषेत, यंत्राला पाठवायची कायम एका ठरलेल्या साच्यात.

यातून दोन गोष्टी. 'फक्त आईच्या फोनवर होतं' हे वाक्य समुद्रापार पोचत नाही, सर्व्हरला गेलेली रिक्वेस्ट पोचते. तेव्हा जे डोळ्यांनी दिसलं त्याच्या एक पायरी खाली जाऊन पुरावा काढायची सवय लावा. ब्राउझरचा नेटवर्क टॅब, कन्सोल, मोबाइलचा लॉग एवढं आलं तरी 'कॅनॉट रिप्रोड्यूस' बरेच कमी होतात. दुसरं असं की तुमचं कराडला असणं हा टीमचा फायदा आहे, तो वापरा. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, त्यात तो अर्धा तास म्हणजे बगचं माहेरघर. १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीमध्ये १४ ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा असतात. जन्मतारीख एका दिवसाने मागे सरकल्याचे बग मी बॉस्टनवाल्यांना किती दाखवलेत याची गणती नाही. क्रोममध्ये नेट मुद्दाम मंद करता येतं, पण पेमेंटच्या मधोमध वायफाय जाऊन फोन मोबाइल डेटावर उडी मारतो, लाइट जाऊन राउटर बंद पडतो, हे तुमच्या घरी फुकटात घडतं. (राउटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या. इन्व्हर्टर असला तरी घ्या.)

पुराव्यावरून एक सावधगिरी. ब्राउझरमधून सगळ्या कॉलची नोंद असलेली 'हार' (HAR) फाइल काढून तिकिटाला जोडायची पद्धत आहे, चांगली आहे. पण त्या फाइलमध्ये कुकी आणि लॉगिनचे टोकनही असू शकतात, म्हणजे पासवर्डशिवाय त्या अकाउंटमध्ये शिरायची किल्लीच. २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत घुसखोरी झाली, तेव्हा ग्राहकांनी जोडलेल्या अशाच फाइलींतले टोकन वापरले गेले. टेस्ट अकाउंटचीच फाइल जोडायची, तीही तपासून.

स्टेजिंगबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण तिथेही गडबड असणार असं मला वाटतं. आमच्याकडे एकदा मी सकाळभर टेस्ट करत होते आणि जेवून येते तो माझे सगळे युजर गायब. क्राकोला सकाळ झाली होती आणि कुणीतरी डेटाबेस नव्याने भरला होता. तेव्हापासून नियम झाला: स्टेजिंगवर काही चढवायचं किंवा पुसायचं तर आधी चॅनेलवर एक ओळ, आणि प्रत्येकाच्या टेस्ट डेटाला आपापलं नाव. बिल्ड नंबर पानाच्या तळाशी दिसेल असा करून घ्या. डेव्हलपरला ते अर्ध्या तासाचं काम आहे, आणि 'कुठल्या बिल्डवर?' हा प्रश्न कायमचा मिटतो.

आता बदल उशिरा कळण्याबद्दल. तुम्हाला कुणी मुद्दाम अंधारात ठेवत नसेल. दोन डेव्हलपर आपसांतल्या चॅटमध्ये ठरवतात आणि कामाला लागतात, एवढंच. मी तीन गोष्टी करते. डेव्हलपरांच्या पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीच्या) सूचना चालू ठेवते. कोड सगळा समजत नाही, समजायची गरजही नाही, कुठल्या फाइलींना हात लागला हे शीर्षकावरून कळतं. तिकीट डेव्हलपमेंटला जायच्या आधीच त्याच्याखाली माझे प्रश्न लिहून ठेवते: कूपन संपलेलं असेल तर काय दिसेल? मधेच बॅक दाबलं तर? यातले निम्मे बग लिहायचीच वेळ येत नाही. आणि चॅटमध्ये ठरलेलं काही कानावर आलं की तिकिटावर एक ओळ टाकते, 'आज असं ठरल्याचं कळलं, बरोबर ना?' पहिल्या महिन्यात लोक वैतागतात. नंतर तेच येऊन टाकतात.

दिवस संपताना चार ओळींचा निरोप ठेवा, त्यांच्या सकाळी तो पहिला दिसेल असा. कुठल्या बिल्डवर काय तपासलं, काय अडलं, ते कुणामुळे सुटेल, उद्या सकाळी काय घेणार. लांबण नको. मी रात्री आठनंतर लॅपटॉप उघडत नाही, आणि या निरोपामुळे तो उघडावाही लागत नाही. नाहीतर घरून काम म्हणजे घरच्यांच्या लेखी आपण दिवसभर मोकळे आणि ऑफिसच्या लेखी रात्रभर.

वेळांचा आणखी एक घोळ माहीत असू द्या. आपलं घड्याळ बदलत नाही, त्यांची बदलतात, आणि तीही एका दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोप मार्चच्या शेवटच्या. परततानाही युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या त्या दिवसांत बॉस्टन आणि क्राकोमधलं अंतर सहाऐवजी पाच तासांचं होतं आणि मीटिंगला कुणीतरी तासभर आधी येऊन बसतं. त्याच दिवसांत तारखेचे आणि शेड्यूलचे टेस्ट आवर्जून चालवा, बगचं पीक चांगलं येतं. लिहिताना 'उद्या संध्याकाळपर्यंत' असं कधी लिहू नका, कुणाची संध्याकाळ? तारीखही ३/४ अशी नको; बॉस्टनला तो ४ मार्च असतो, आपल्याला ३ एप्रिल. महिना अक्षरी लिहा.

इंग्रजीबद्दल जरा नाजूक आहे, तरी बोलते. आपण शाळेपासून 'आय हॅव अ डाउट' म्हणतो, अर्थ एवढाच की एक प्रश्न आहे. मी एका अमेरिकन डेव्हलपरला लिहिलं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिक्स.' त्याने वाचलं, तुझ्या दुरुस्तीवर माझा विश्वास नाही. दोन दिवस तो तुटक वागत होता, मला कारणच कळेना. समोरासमोर असते तर चेहऱ्यावरून कळलं असतं. आता मी 'क्वेश्चन' लिहिते. उलट क्राकोचा एक जण माझ्या लांबलचक विचारणेला नुसतं 'नो' उत्तर द्यायचा. मला राग यायचा. एकदा कॉलवर बोलले तर माणूस सोन्यासारखा, त्याच्या लेखी नाहीला नाहीच म्हणायचं असतं. तुमच्या टीममधल्या प्रत्येकाशी एकदा तरी अर्धा तास कॅमेरा लावून, कामाशिवाय बोला. नंतरच्या लेखी भांडणांतली निम्मी होत नाहीत.

व्हिजिबिलिटी. हा शब्द ऐकला की लोक दिवसभर स्टेटसचा हिरवा ठिपका जपत बसतात किंवा बगची संख्या वाढवायला लागतात. स्पेलिंगचे दहा बग टाकून कुणी मोठं होत नाही, उलट तुमचा अकरावा, खरा बग कुणी वाचत नाही. लीडला हवं असतं ते वेगळं. रिलीजच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, जाऊ द्यायचं का? त्याचं उत्तर तुम्ही लिहून द्या, अर्ध्या पानात: हे तपासलं, हे वेळेअभावी तपासलं नाही, आणि यातली ही एक गोष्ट मला खटकतेय, कारण अमुक. 'नाही तपासलं' लिहायला धाडस लागतं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थांबला होता. पण तेच लिहिल्यावर पहिल्यांदा प्रॉडक्ट मॅनेजरने मला थेट फोन केला.

हे सगळं तुमच्याकडे कितपत लागू पडेल ते मात्र परिस्थितीवर आहे. कंपनी मुळातच सगळं लिहून ठेवणारी असेल तर दोन महिन्यांत फरक दिसेल. सगळे निर्णय बॉस्टनच्या मीटिंग रूममध्ये फळ्यावर होत असतील आणि लिहिलेलं कुणी वाचतच नसेल, तर एकट्या टेस्टरने कितीही लिहून उपयोग मर्यादित आहे. आधी ओळखा तुमचं कुठलं आहे. त्याला सोपी रीत आहे: गेल्या तीन महिन्यांतले परत आलेले बग काढा आणि प्रत्येकापुढे डेव्हलपरने पहिला प्रश्न कुठला विचारला ते लिहा. मी हे केलं होतं तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी बिल्ड किंवा युजर विचारलेला होता, म्हणजे चूक माझी. तुमच्या यादीत प्रश्न विचारलेलाच नसेल, नुसता बंद केलेला असेल, तर ती यादी घेऊन लीडशी बोला. तक्रार म्हणून नको, आकडा म्हणून.

ऑटोमेशन शिका, जरूर शिका, पगारासाठी आणि पुढच्या नोकरीसाठी. विखुरलेल्या टीममध्ये त्याचा खास उपयोगही आहे: त्यांनी रात्री चढवलेल्या बिल्डवर मुख्य मार्ग धडपणे चालतात की नाही हे तुमचा सकाळचा चहा व्हायच्या आत कळतं. प्लेराइट या ऑटोमेशनच्या टूलपासून सुरू केलंत तर बरं. मायक्रोसॉफ्टने ते २०२० मध्ये आणलं, आणि त्यात फेल झालेल्या टेस्टचा ट्रेस ठेवता येतो. ती एक फाइल डेव्हलपरने उघडली की प्रत्येक पायरीला स्क्रीन कशी होती, कुठला कॉल गेला, सगळं त्याला दिसतं, तुम्ही झोपलेले असलात तरी. पण ज्याला बग नीट सांगता येत नाही त्याची स्क्रिप्टही नीट सांगत नाही. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट तर अजिबात साठवू नका. शेजारी बसलेला माणूस 'ती टेस्ट तशीच आहे, परत चालव' म्हणून सांभाळून घेतो, लांबचा दोन आठवड्यांत सगळ्याच लाल खुणांकडे बघायचं सोडतो.

पुण्याचं म्हणाल तर, अनुभव एक-दोन वर्षांचाच असता तर मी परत जा म्हटलं असतं. कानाने शिकायची ती वर्षं घरी बसून घालवू नयेत. तुमची तीन झालीत. आमच्या टीममधली एक मुलगी अशीच वैतागून साताऱ्याहून पुण्याला परत गेली. डेव्हलपर बॉस्टनलाच होते. आता ती सकाळी दीड तास हिंजवडीच्या रांगेत काढते, ऑफिसात पोचते, हेडफोन लावते आणि तेच कॉल घेते. टपरीवरचा चहा तेवढा मिळतो, म्हणते.